तळ्यावरची कबुली

“दोघांपैकी कोण खोटं बोलतोय, तेवढं सांगा.”

सुभानबाबा गुंता झालेला दोरा सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण दोघं?”

“बाहेर ओट्यावर चहा घेतायत ते. माझे मित्र.”

“मित्र...” बाबा म्हणाले आणि दोऱ्याची आणखी एक गाठ नखाने उकलली.

विचारणारा दिगंबर नाडगौडा. सांगलीचा. उभी नोकरी पोलिसांत गेली, तीही तपासाच्या कामात. समोरचा माणूस बोलताना कुठे अडखळतो, पाणी केव्हा मागतो, नजर कुठे वळवतो, हे बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. घरातही सुटली नव्हती.

ओट्यावरचे दोघं म्हणजे माणिक शेटे आणि जनार्दन लाटकर. तिघं एका आळीत वाढलेले. कृष्णेच्या डोहात गळ टाकून बसायला तिघं एकत्रच शिकले होते.

तरुणपणी माणिकने काश्मीरच्या या खोऱ्यात रस्त्याच्या कामावर काही वर्षं काढली. सुभानबाबांची ओळख त्याची. गावाच्या वर डोंगरात एक तळं आहे, थंडीत ते गोठतं, आणि मग बर्फाला भोक पाडून गळ टाकतात, हे तो तेव्हापासून सांगत आला होता. एकदा जायचंच, असं तिघं दर दिवाळीला ठरवायचे. दर वर्षी राहून जायचं.

यंदा दिगंबरने घाई केली. थंडी नुकती सुरू झाली होती. तळ्यावर बर्फ धरून थोडेच दिवस झाले होते.

“तुम्ही माणसाचा चेहरा वाचता म्हणे,” दिगंबर म्हणाला.

“तूही वाचतोस म्हणे.”

“या दोघांचा वाचता येत नाही.”

“का?”

“लहानपणापासून बघतोय.”

बाबा गालात हसले. फकीर माणूस, अंगात मळका, पायघोळ फेरन, डोक्याला लोकरीची टोपी. खोली धुराने काळवंडलेली होती.

“काय खोटं बोलले?”

दिगंबरने खिडकीकडे बघितलं. ओट्यावर जनार्दन काहीतरी सांगत होता आणि माणिक हसत होता. दिगंबरने आवाज खाली आणला.

त्याची मुलगी अरुंधती. घरातलं नाव आरू. आई गेल्यावर घरात बापलेक दोघंच राहिली. आरू परिचारिका होती. तिला यायला उशीर झाला की दिगंबर रुग्णालयाच्या फाटकाशी उभा राहायचा. तिचा फोन बघायचा. तिच्यासोबत काम करणाऱ्यांना गाठून विचारायचा. एका संध्याकाळी ती बॅग घेऊन निघून गेली. मला शोधलेलं चालणार नाही, एवढंच उंबऱ्यात उभी राहून बोलली होती.

समोरच्या बाईंनी तिला एका स्कूटरवर मागे बसताना पाहिलं होतं. चालवणाऱ्याच्या अंगात रेनकोट होता, डोक्याला हेल्मेट.

“दुसऱ्या दिवशी मी दोघांना सहज विचारल्यासारखं विचारलं, काल संध्याकाळी कुठे होतात? माणिक म्हणाला, जन्याकडे पत्ते खेळत होतो. जन्या म्हणाला, ताप होता, अंथरुणात पडून होतो, कोणी आलं नाही.”

“मग?”

“मग काही नाही. मान हलवली. तेव्हापासून रोज त्यांच्याबरोबर चहा घेतोय. दीड वर्ष झालं. एक शब्द बोललो नाही.”

“का?”

“विचारलं की माणूस सावध होतो.”

बाबांनी सुटलेला दोरा बोटांभोवती गुंडाळायला घेतला.

“आणि आता?”

“आता तळ्यावर विचारणार. बर्फाच्या मधोमध. तिथून कोणी चप्पल घालून घरी जाऊ शकत नाही.”

बाबांनी दोऱ्याचं टोक गुंडाळीत खोचलं.

“बर्फ धरेल ना?” दिगंबरने विचारलं.

“माहीत नाही.”

“जन्म गेला तुमचा इथे.”

“बर्फ यंदाचा आहे.”

*

अंधार पडण्याआधी दिगंबर हात धुवायला मागच्या बाजूला गेला. सरपणाच्या ढिगाशी माणिक आणि बाबा डोकी जवळ घेऊन बोलत होते. त्याला बघताच दोघं थांबले.

“काय चाललंय?”

“सरपण पुरेल का, ते विचारत होतो,” माणिक म्हणाला.

दिगंबरने ढीग बघितला. लाकडं छपरापर्यंत रचलेली होती.

“पुरेल,” तो म्हणाला आणि हात धुवायला लागला.

पाणी इतकं गार होतं की बोटं दुखली. पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. म्हातारा माणिकच्या ओळखीचा. माझं बोलणं त्याने माणिकला सांगितलं असेल. किंवा माणिकचं काहीतरी माझ्यापासून लपवलं असेल. आता दोघांवर नजर ठेवायची होती, तिथे तिघं झाले.

*

सकाळी चौघं वर चढले. देवदार संपले आणि तळं दिसलं. करड्या रंगाचं, सपाट, काठाला वाळलेलं गवत. त्यावर एकही माणूस नव्हता.

“गावातले कोणी दिसत नाहीत,” दिगंबर म्हणाला.

“ते अजून उतरत नाहीत,” बाबा म्हणाले.

“मग आपण का उतरतोय?”

“तुला घाई आहे म्हणून.”

जनार्दन हसला. दिगंबर हसला नाही.

बाबांनी खांद्यावरचा दोर खाली टाकला. एकाने पुढे जायचं, पहारीने बर्फ ठोकत. बाकीच्यांनी अंतर ठेवून मागे. दोर सगळ्यांच्या कमरेला.

“मी जातो पुढे,” माणिक म्हणाला. “माझंच वजन कमी आहे.”

“तुझे गुडघे बघ आधी,” जनार्दन म्हणाला. “मी जातो.”

दोघांना पुढे जायची एवढी हौस का? दिगंबर दोघांच्या हातांकडे बघत राहिला. माणिक दोराची गाठ मारत होता. गाठ बरी दिसत होती. पण बरी दिसणारी गाठ मारणारे त्याने नोकरीत कमी पाहिले नव्हते.

“तू मध्ये राहा, दिगू,” माणिक म्हणाला. “मध्ये बरं.”

“मला दोर नको.”

“अरे, नको काय?”

“माझा मी येतो.”

माणिकने बाबांकडे बघितलं. बाबांनी दोराचं मोकळं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि पहार उचलून ते पुढे झाले.

ठोकायचे, ऐकायचे, पाऊल टाकायचे... बर्फाखालून मधूनच लांबवर घुमल्यासारखा आवाज जायचा. तसा आवाज झाला की जनार्दन जागीच थांबायचा आणि बारीक आवाजात आईला हाक मारायचा. दिगंबर सगळ्यांच्या मागून, दोराला हात न लावता, त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत आला. तेवढा विश्वास त्याने त्यांच्या पावलांवर ठेवला होता. ते खाली गेले असते तर त्याला आधी दिसलं असतं.

बाबांनी एका जागी पहार चालवली. बर्फाचे तुकडे उडाले, मग काळं पाणी दिसलं. घमेलं मावेल एवढं भोक. चौघं त्याभोवती गोणपाट टाकून बसले. जनार्दनने खिशातून कणकेचा गोळा काढला. रात्री पोटाशी धरून झोपला होता म्हणे, गोठू नये म्हणून.

“कृष्णेत आपण कणकेत हळद घालायचो,” माणिक म्हणाला.

“हळद तू घालायचास. मासे माझ्याच गळाला लागायचे.”

“ते दिगूच्या गळाला लागायचे, आणि तू काढून आपल्या डब्यात टाकायचास.”

दिगंबरच्या तोंडून हसू निसटलं. खरंच तसं होतं. तेव्हाही त्याला ते माहीत होतं आणि तेव्हा त्याने कधी विचारलं नव्हतं.

जनार्दनचा दोरा ताणला गेला. त्याने हिसका दिला आणि ठिपक्याठिपक्यांचा एक मासा बर्फावर येऊन पडला. हाताच्या पंज्याएवढा. उसळला, दोनदा तोंड उघडलं आणि निपचित पडला. तिघं म्हातारे त्याच्यावर वाकले. क्षणभर ते पुन्हा डोहाच्या काठावर होते. दिगंबरचा हात जनार्दनच्या खांद्यावर होता.

त्याला हाताची जाणीव झाली. त्याने तो काढून घेतला.

“आरू गेली त्या संध्याकाळी,” तो म्हणाला, “तुम्ही दोघं कुठे होतात?”

जनार्दनने माशाच्या तोंडातला गळ काढायला घेतला.

“माण्या म्हणतो, पत्ते खेळत होतो. जन्या म्हणतो, ताप होता. दीड वर्ष मी हे पोटात घेऊन फिरतोय. दोघांपैकी एकाने माझी पोर घरातून नेली.”

माणिक पाण्याकडे बघत होता. जनार्दन माशाकडे.

“बोला.”

“दिगू, घरी गेल्यावर बोलू,” जनार्दन म्हणाला.

“इथे बोल.”

“इथे नको.”

दिगंबर बाबांकडे वळला. “तुम्हालाही माहीत आहे. काल सरपणाशी हेच चाललं होतं.”

बाबांनी नाही म्हटलं नाही...

दिगंबर उठला. हातातला गळाचा दोरा त्याने सोडला, तो सरसर भोकातून पाण्यात गेला. त्याला कोणी आवरलं नाही, याचाच त्याला जास्त राग आला. तो काठाकडे चालू लागला.

“आलास त्या वाटेने जा,” मागून बाबा म्हणाले.

त्याच वाटेने का? त्याने काठ बघितला. ते उतरले होते तो काठ लांब होता. डावीकडचा जवळ होता. तिकडे गवतातून एक ओढा तळ्याला येऊन मिळत होता. मला लांबून जायला लावायचं, तोवर आपसांत ठरवून घ्यायचं... दिगंबर डावीकडे वळला.

“दिगू, तिकडून नको,” माणिक ओरडला.

तो आणखी भराभर चालू लागला.

आवाज झालाच नाही. पायाखालचं एकदम गेलं आणि तो छातीपर्यंत पाण्यात होता. श्वास आत अडकला. हात बर्फाच्या कडेवर पडले, कड तुटली. पुन्हा पडले, पुन्हा तुटली. ओल्या कोटाने त्याला खाली ओढायला सुरुवात केली.

त्याने वर बघितलं तेव्हा माणिक बर्फावर पोट टेकून सरपटत येत होता. त्याच्या मागे जनार्दन, तोही आडवा, माणिकचे दोन्ही घोटे धरून. त्यांच्या मागे लांब बाबा, दोर कमरेला घेऊन पाय रोवून बसलेले.

माणिकने हात पुढे केला. “हात दे.”

दिगंबरने हात दिला नाही.

त्याचे ओठ निळे पडले होते. दात वाजत होते. पण नजर माणिकच्या डोळ्यांवर होती, जशी ती कितीतरी वर्षं टेबलापलीकडच्या माणसांवर असायची.

“तू... की जन्या?”

“दिगू, हात दे.”

“तू... की...”

“मी,” माणिक म्हणाला. “मी नेली. हात दे.”

“मी नेली,” मागून जनार्दन म्हणाला. बर्फावर गाल टेकलेला होता त्याचा. “त्याला काही विचारू नकोस. मी होतो. हात दे त्याला.”

दिगंबर एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. त्याच्या हनुवटीला पाणी लागलं.

मग डोक्याचं काही चाललं नाही. हात आपोआप वर आला. माणिकने मनगट धरलं. मागून बाबांनी दोर खेचला. बर्फ तडकत गेला, माणिकच्या तळव्याची साल निघाली, जनार्दनची टोपी पाण्यात गेली. कसेबसे तिघं एकमेकांना धरून घसटत घसटत पांढऱ्या, जाड बर्फावर आले.

तिथून गावापर्यंत त्याला कोणी आणलं, कसं आणलं, ते दिगंबरला आठवत नव्हतं.

*

त्याला जाग आली तेव्हा तो बाबांच्या खोलीत होता. अंगावर बाबांचा दुसरा फेरन, वर रजयांचं ओझं, पोटाशी कांगडी. वेताच्या त्या टोपलीतल्या निखाऱ्यांची ऊब आत झिरपत होती. दुपार कलली होती. दाराबाहेर ओट्यावर कोणीतरी हळू बोलत होतं.

बाबा चुलीपाशी बसले होते.

“तुम्हाला ठाऊक होतं,” दिगंबर म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. “तिकडचा बर्फ कच्चा आहे म्हणून.”

“नव्हतं.”

“मग आलास त्या वाटेने जा, असं का म्हणालात?”

“त्या वाटेने आपण चौघं आलो होतो.”

दिगंबर छताकडे बघत पडून राहिला.

“दोघंही ‘मी’ म्हणाले.”

“ऐकलं.”

“स्कूटर एक होती. चालवणारा एक होता.”

“हो.”

“म्हणजे एक जण अजूनही खोटं बोलतोय.”

बाबांनी पेल्यात चहा ओतला. मिठाचा, गुलाबी रंगाचा. पेला त्याच्या उशाशी ठेवला.

“नोकरीत मी माणसं नाही म्हणताना पाहिली,” दिगंबर म्हणाला. “रात्र रात्र नाही म्हणायची. एका गुन्ह्याला दोघं हो म्हणतात, असं कधी बघितलं नाही. ते एकमेकांना वाचवतायत की मला फसवतायत, ते कळत नाही. तुम्हीच सांगा... कोण?”

“मी.”

दिगंबरने मान वळवली.

“तुम्ही?”

“माझ्याकडे आली ती. माझ्या बहिणीच्या घरात राहते.”

दिगंबर कोपरावर उठून बसला. रजई खांद्यावरून सरकली.

“इथे? या गावात?”

“खालच्या आळीत. दवाखान्यात काम करते.”

“कोणी पाठवलं तिला?”

“विचारलं नाही.”

“एक अनोळखी मुलगी एवढ्या लांबून दारात येते आणि तुम्ही विचारलं नाही?”

“दमून आली होती.”

दिगंबरचं तोंड उघडं राहिलं. पुढचे प्रश्न जिभेवर तयार होते. कधी आली? बरोबर कोण होतं? कोणाला भेटते? फोन कोणाला करते? एकामागून एक ते रांगेत उभे होते. तो पहिला विचारायला गेला, आणि का कोण जाणे, त्याला पाण्यातून दिसलेला माणिकचा पुढे केलेला हात दिसला. आपण तो तसाच ठेवला होता. विचारत बसलो होतो.

त्याने पेला हातात घेतला. चहा रजईवर सांडला.

बाहेरचं बोलणं थांबलं होतं.

“ती...” तो म्हणाला आणि अडखळला. पाणी प्यायला हवं होतं. “ती बरी आहे का?”

बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

“बरी आहे. मघाशी तू शुद्धीवर नव्हतास तेव्हा तुझी नाडी तिनेच बघितली. पाय तिनेच चोळले. माणिकच्या हाताला पट्टीही तिनेच बांधली.”

“आत्ता कुठे आहे?”

“ओट्यावर. त्या दोघांपाशी.”

दिगंबरने दाराकडे बघितलं. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात मधूनच कोणाची तरी सावली हलत होती. म्हणजे जागा झाल्यापासून तो जे जे बोलला, ते सगळं बाहेर गेलं होतं. शेवटचंही.

तो उठायला गेला. पाय जमिनीला लागले, पण उभं राहवेना. तो तसाच अंथरुणाच्या कडेवर बसून राहिला. आपण हाक मारली तर ती निघून जाईल, आणि नाही मारली तरी निघून जाईल, असं त्याला वाटलं.

सावली दाराशी आली... थांबली.

“आत का येत नाही ती?” त्याने कुजबुजत विचारलं.

बाबांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“तुझीच मुलगी आहे,” ते म्हणाले. “खात्री पटल्याशिवाय कशी येईल?”